पन्नाशीनंतर पुन्हा पट मांडताना: अभ्यास, सराव आणि पहिली स्पर्धा

शाळा-कॉलेजात बुद्धिबळ खेळत होतो, मग नोकरी-संसारात पट माळ्यावर गेला, आता वेळ आहे तर खेळ सुधारावा म्हणतो, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी याच वाटेने गेलो. माहितीला तोटा नाही, पण ती एक तर दहा वर्षांच्या पोरांसाठी असते, नाहीतर ग्रँडमास्टर व्हायला निघालेल्यांसाठी. साठीच्या माणसाने सकाळचा चहा झाल्यावर पटासमोर बसून नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

वय आड येतं, हे आधीच मान्य करू. मोजणी मंदावते, तिसऱ्या तासानंतर डोकं जड होतं, परवा पाठ केलेली ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, आज आठवत नाही. पण पूर्वी पाहिलेली रचना ओळखणारी नजर टिकून असते आणि धीर तर वाढलेलाच असतो. माजी जगज्जेता लास्कर १९३५ च्या मॉस्को स्पर्धेत ६६ व्या वर्षी तिसरा आला, तोही दुसरा माजी जगज्जेता कापाब्लांकाच्या पुढे. ग्रँडमास्टर कोर्चनॉय २०११ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेता झाला. ही मंडळी मुळातच अफाट, त्यांच्याशी आपली तुलना नको. मुद्दा इतकाच, की पटावर वय दिसतं ते दमल्यावर आणि घाईत. म्हणून माझ्या मते आपल्या वयात खेळ सुधारतो तो नवीन काही पाठ करून नव्हे, तर हातातलं फुकट घालवणं थांबवून. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. नियम पुन्हा वाचा, येत असले तरी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्यापैकी अनेकांनी खेळ आजोबांकडून किंवा गावच्या पारावर शिकलेला. तिथे देशी पद्धतीचे नियम चालायचे: प्यादं एकच घर चालणार, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी, प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तोच मोहरा होणार. प्यादेमात केली तर त्याचा वेगळाच रुबाब. हे सगळं गोड आहे, पण स्पर्धेत चालत नाही. तिथे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, शेवटच्या ओळीत पोहोचलं की कुठल्याही पट्टीवर त्याचा वजीर होतो, आणि दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारचं प्यादं लगेचच्या चालीत ‘आँ पासाँ’ने मारू शकतं.

किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे, म्हणजे कॅसलिंग) बारकावेही पाहून घ्या. राजा शहात असताना, शह बसणाऱ्या घरावरून जाताना किंवा शह बसणाऱ्या घरात जाताना किल्लेकोट होत नाही. हत्तीवर हल्ला असला तरी मात्र होतो. आधी राजा उचलायचा, मग हत्ती, आणि दोन्ही एकाच हाताने. घरी दोन्ही हातांनी किल्लेकोट करायची सवय असेल तर ती आजपासून मोडा.

२. साहित्य: थोडं, पण नीट

- गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट आणि प्लास्टिकचे स्पर्धेचे मोहरे. राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच, घर पाच-साडेपाच सेंटिमीटरचं. दिवाणखान्यातला नक्षीदार संच पाहुण्यांसाठी राहू द्या. त्यात वजीर कुठला आणि उंट कुठला, हे ओळखण्यातच शक्ती जाते.
- डिजिटल घड्याळ. सुरुवातीला मोबाइलमधलं घड्याळाचं ॲपही चालेल.
- शंभर पानी वही आणि पेन. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुढे येईल.
- लिचेसवर खातं. हे संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत. कोडी, सराव, संगणकाकडून तपासणी सगळं मिळतं. चेस डॉट कॉमही चांगलं आहे, पण तिथल्या काही सोयींना पैसे पडतात.
- पटासाठी चष्मा. पट डोळ्यांपासून हातभर लांब असतो. वाचायच्या चष्म्यातून तो धूसर दिसतो आणि प्रोग्रेसिव्ह काचेत समोरची बाजू पाहायला मान वरखाली करावी लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर मोजून सांगा आणि त्या अंतराचा साधा चष्मा करून घ्या. माझ्या खेळाला या चष्म्याइतका उपयोग कुठल्याच पुस्तकाचा झाला नाही.

संगणकाच्या पडद्यावर खेळायची सवय असेल तर खराखुरा पट सुरुवातीला परका वाटतो. पडद्यावर सगळा पट एका नजरेत येतो, टेबलावर समोरचे मोहरे एकमेकांआड लपतात. म्हणून अभ्यास जमेल तेवढा खऱ्या पटावर मांडूनच करा.

३. डाव लिहा आणि स्वतःचेच डाव तपासा

लेखातलं एवढंच प्रकरण वाचून बाकीचं सोडलंत तरी माझी हरकत नाही.

आधी चाली लिहायला शिका. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच, आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८. ई४ म्हणजे ई पट्टीवरचं चौथं घर. दोन दिवसांत हात बसतो. मग मित्राशी खेळा, नातवाशी खेळा, ऑनलाइन खेळा, पण प्रत्येक लांब डाव वहीत उतरला पाहिजे.

डाव संपला की त्याच संध्याकाळी, संगणक न लावता, तो पटावर पुन्हा खेळा. जिथे अडलात, जिथे बराच वेळ घेतलात, जिथून डाव फिरला असं वाटतं, अशा तीन-चार जागांवर खूण करा. प्रत्येक खुणेपाशी लिहा: तेव्हा मनात काय होतं. ‘मनात काय होतं’ हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून त्याच दिवशी. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्याला देतो:

*चाल २४, हत्ती ई१. मनात: ई पट्टी ताब्यात घ्यायची. दिसलं नाही: त्याचा उंट एफ८ वरून बी४ वर येतो, हत्ती परत हलवावा लागतो. प्रकार: समोरच्याची चाल पाहिलीच नाही.*

एवढं झाल्यावरच संगणक लावा. लिचेसवर तपासणीनंतर ‘आपल्या चुकांमधून शिका’ अशी सोय आहे. तो तुमची चुकीची चाल दाखवतो आणि चांगली तुम्हालाच शोधायला लावतो. लगेच उत्तर बघू नका. आणि संगणक सुचवतो ती प्रत्येक चाल समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. स्टॉकफिश (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) जे बाराव्या चालीपुढचं पाहून सांगतो, ते तुमच्या-माझ्या कामाचं नसतं. एखादं मोहरं फुकट गेलं, मात हुकली, जिंकलेला डाव बरोबरीत गेला, एवढ्यापुरताच त्याचा सल्ला घ्या.

नोंदीतला शेवटचा शब्द, ‘प्रकार’, हा खरा ऐवज. मी चार कप्पे केले आहेत: मोहरा फुकट दिला, समोरच्याची चाल पाहिली नाही, वेळ संपत आला म्हणून घाई, काय करायचं तेच सुचेना म्हणून काहीतरी खेळलो. दहा-पंधरा डाव झाले की एक कप्पा फुगलेला दिसतो. पुढचे दोन-तीन महिने अभ्यास त्याचाच. बहुतेकांचा दुसरा कप्पा फुगतो. त्यातही मोहऱ्यांच्या उलट्या, मागे येणाऱ्या चाली सर्रास नजरेतून निसटतात. पुढे गेलेला उंट किंवा वजीर त्याच तिरक्या रेषेवरून मागे येऊन मारतो, हे दिसतच नाही, कारण आपलं सगळं लक्ष पुढे काय चाललंय इकडे असतं.

यावर उपाय म्हणून खेळताना एक शिस्त लावून घ्या. समोरच्याने चाल केली की आधी स्वतःला विचारा: याने आता काय मारायचं ठरवलंय? मग आपली चाल मनात पक्की झाली की हात उचलण्याआधी तीन गोष्टी बघा, याच क्रमाने: शह, मार, धमकी. माझ्या या चालीनंतर त्याला कुठला शह देता येतो? काय मारता येतं? कसली धमकी देता येते? यात वीस सेकंद जातात. सगळे जण हे सांगतात आणि करत कुणीच नाही. आठवण राहावी म्हणून मी काही काळ हात मांडीखाली घालून बसत असे. समोरचं पोर हसायचं, हसू दे.

४. रोजची कोडी, पण सावकाश

रोज अर्धा तास पुरे. फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला), पिन (मागे मोठा मोहरा असल्याने पुढचा हलू न शकणं), शेवटच्या ओळीतली मात, रक्षक मोहरा दूर करणं हे चार विषय आधी घ्या. लिचेसवर विषयवार कोडी मिळतात. सोपी घ्या. दहापैकी आठ सुटतील अशीच घ्या. अवघड कोडं सुटल्याचा आनंद मोठा, पण डावात आपण हरतो ते दोन चालींच्या सोप्या डावपेचाला.

यात सापळा असा, की कोड्यात काहीतरी दडलेलं आहे हे आधीच माहीत असतं. मग माणूस अंदाजाने पहिला शह देऊन बघतो, चुकला की पुढचं कोडं. त्यातून काहीही हाती लागत नाही. पूर्ण उत्तर, म्हणजे माझी चाल, त्याचं सर्वांत चांगलं उत्तर, माझी पुढची चाल, मनात ठरल्याशिवाय हात लावायचा नाही. चुकलेली कोडी वहीत उतरवा आणि आठवड्याने परत सोडवा. पुन्हा चुकतील. तिसऱ्यांदा सुटतील.

५. एंडगेम: म्हाताऱ्यांचा हक्काचा प्रांत

इथे गुंतवलेला वेळ वाया जात नाही, कारण एंडगेमची, म्हणजे मोजकेच मोहरे उरल्यावरच्या खेळाची, तत्त्वं बदलत नाहीत. ओपनिंगमध्ये दर वर्षी नवं निघतं. राजा आणि एका प्याद्याचा शेवट मात्र जसाच्या तसा आहे. शिवाय क्लासमध्ये जाणाऱ्या मुलांना ओपनिंगच्या वीस चाली तोंडपाठ असतात, पण वजीर पटावरून गेले की त्यातल्या अनेकांचा धीर सुटतो. डाव तिथवर नेणं हीच आपली युक्ती.

एक स्थिती आत्ताच मांडा. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७. बाकी पट रिकामा. चाल काळ्याची, म्हणजे तुमची. राजाला जायला तीनच घरं आहेत: डी८, ई८, एफ८. पुढे प्याद्याचा वजीर होणार की बरोबरी, हे या एका चालीवर ठरतं.

डी८ वर गेलात तर पांढरा राजा डी६ वर येतो. तुम्ही ई८, तो प्यादं ई७. आता तुम्हाला एफ७ वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, तो डी७ वर येतो आणि प्यादं वजीर होतं. एफ८ वर गेलात तर हेच आरशातल्यासारखं दुसऱ्या बाजूने घडतं. पण सरळ मागे, ई८ वर आलात तर? तो डी६, तुम्ही डी८, म्हणजे राजासमोर राजा. तो प्यादं ई७ पुढे ढकलून शह देतो, तुम्ही ई८. आता प्यादं राखायला त्याला ई६ वर यावंच लागतं, आणि तुमच्याकडे चालच उरत नाही. शह नाही, चाल नाही, डाव बरोबरीत. ‘राजा सरळ मागे, मग समोरासमोर’ एवढं हाताच्या सवयीचं झालं की कितीतरी हरलेले अर्धे गुण परत येतात. नातवाला समोर बसवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा खेळा.

यानंतरचा क्रम असा ठेवा: राजा-प्याद्यांचे शेवट, मग हत्तींचे. हत्तींच्या शेवटात दोनच स्थिती आधी पक्क्या करा. लुसेना, म्हणजे जिंकायची. फिलिडोर, म्हणजे वाचायची. फिलिडोरमध्ये आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती अशा आडव्या ओळीवर, जिथून शत्रूच्या राजाला पुढे यायला वाव मिळत नाही. प्यादं त्या ओळीवर सरकलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पाठीमागून शह देत राहायचं. मग विरुद्ध रंगांच्या उंटांचे शेवट, म्हणजे एकाचा उंट पांढऱ्या घरांवर आणि दुसऱ्याचा काळ्या. दोन प्यादी कमी असतानाही ते अनेकदा बरोबरीत सुटतात, हे माहीत असलेला माणूस वाईट डावात उगाच राजीनामा देत नाही.

६. ओपनिंग: एकदाच निवडा आणि तिलाच धरून राहा

थोडक्यात सांगतो, कारण इथे वेळ घालवू नये असंच माझं मत आहे. पांढऱ्याकडून लंडन: डी४, घोडा एफ३, उंट एफ४, ई३, सी३. समोरच्याने काहीही केलं तरी मांडणी साधारण तीच. काळ्याकडून ई४ विरुद्ध कारो-कान आणि डी४ विरुद्ध स्लाव्ह. दोन्हींत प्यादी सी६ आणि डी५ वर येतात, त्यामुळे एकाच रचनेचा सराव होतो आणि स्मरणशक्तीवरचं ओझं निम्मं. सिसिलियन नायडॉर्फसारख्या गोष्टी तरुणांना लखलाभ. तिथे एक चाल विसरली की डाव पंधराव्या चालीत संपतो.

चाली पाठ करू नका. आपल्या ओपनिंगमधले चांगल्या खेळाडूंचे आठ-दहा डाव पूर्ण खेळून पाहा आणि मोहरे शेवटी कुठे जातात ते बघा. डाव हरलात म्हणून ओपनिंग बदलायचा मोह होईल. वहीतला कप्पा तपासा, दोष बहुतेक वेळा ओपनिंगचा निघत नाही.

७. ऑनलाइन खेळ: तीन मिनिटांचं व्यसन

तीन मिनिटांचे डाव खेळण्यात मजा आहे, आणि त्यात रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही. करमणूक म्हणून खेळा, सराव म्हणून नको. घाईत खेळण्याची जी सवय मोडायची, तीच तिथे पक्की होते, आणि मुलांच्या बोटांच्या वेगापुढे आपला निभाव लागत नाही तो वेगळाच. लिचेसवर १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद, किंवा ३० अधिक २० हे प्रकार आपल्यासाठी. आठवड्याला असे दोन-तीन डाव नीट खेळून तपासले तर भरपूर झालं.

आणखी एक प्रकार फारसा कुणी वापरत नाही: पत्राने खेळायच्या जुन्या पद्धतीसारखा, एका चालीला काही दिवस देणारा डाव. लिचेसवर तोही आहे. ओपनिंगचं पुस्तक उघडून पाहायची मुभा असते, संगणकाची मदत घ्यायची नसते. स्थिती टेबलावर मांडून ठेवायची आणि येता-जाता विचार करायचा. घरचे तेवढे पटाला हात न लावतील असं बघा.

८. माणसं शोधा

मंडळ, वाचनालयाची खोली, सोसायटीचा कट्टा, काहीही चालेल, पण समोर जिवंत माणूस हवा. सांगली, पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक इथे बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे. जिल्हा संघटनेकडे चौकशी केली की खेळणारे कुठे जमतात ते कळतं.

कोच लावायचा असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला: ‘सर, मला ओपनिंगच्या फाइल नकोत, माझे डाव तपासून द्या.’ कोच तुमच्या मुलाच्या वयाचा असेल, तरी सर म्हणायचं आणि तोही तुम्हाला काका म्हणेल, यात अवघडण्यासारखं काही नाही. महिन्यातून दोन तास पुरतात. मुलांच्या गटात बसवत असतील तर नाही म्हणा. तिथला वेग वेगळा असतो.

९. पहिली स्पर्धा: नोंदणी आणि कागदपत्रं

रेटिंगच्या (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) स्पर्धेत खेळायचं तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची ऑनलाइन नोंदणी लागते. त्याखेरीज फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, ओळख क्रमांक लागतो. हा एकदा मिळाला की कायमचा. सोबत तयार ठेवा:

- जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो असलेलं ओळखपत्र (आधार किंवा पासपोर्ट). दोन्हींवर नाव आणि तारीख तंतोतंत सारखी हवी. आपल्या पिढीत शाळेतली तारीख वेगळी आणि खरी वेगळी असा घोळ बऱ्याच जणांचा असतो, तो आधी निस्तरा.
- पासपोर्ट आकाराचा फोटो, स्कॅन केलेला.
- चालू मोबाइल नंबर आणि ईमेल. मुलाचा किंवा सुनेचा देऊ नका, ओटीपीसाठी त्यांच्या मागे धावावं लागतं.

शुल्क आणि अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून महासंघाच्या संकेतस्थळावरच बघा. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.

एका शब्दाला फसू नका. आपल्याकडे ‘सीनियर’ निवड स्पर्धा म्हणजे ज्येष्ठ नागरिकांची नव्हे, ती खुल्या गटातली मुख्य स्पर्धा. तिथे राज्यातले तगडे खेळाडू येतात. ज्येष्ठांचा गट ‘व्हेटरन’ नावाने शोधा. खुल्या स्पर्धांतही ज्येष्ठांसाठी वेगळी बक्षिसं असतात, वयाची अट पत्रकात बघा. जागतिक ज्येष्ठ स्पर्धेत ५० वर्षांवरचे आणि ६५ वर्षांवरचे असे दोन गट असतात.

पहिल्यांदा एका दिवसाची रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा खेळा, म्हणजे हॉल, घड्याळ आणि पेअरिंग (कुणाची गाठ कुणाशी) यांची ओळख होईल. मग लांब डावांची. पत्रक वाचताना वेळेचा प्रकार, दिवसाला किती फेऱ्या, किती उशीर चालेल आणि अर्ध्या गुणाची सुट्टी (एक फेरी न खेळता अर्धा गुण) मिळते का हे पाहा. ९० मिनिटं अधिक ३० सेकंद असा डाव ६० चालींपर्यंत गेला तर चार तास चालू शकतो. दिवसात असे दोन म्हणजे आपल्यासाठी परीक्षाच. सुट्टी मिळत असेल तर ती थकव्याच्या फेरीला वापरा. काही आयोजक पंखेसुद्धा धड नसलेल्या हॉलमध्ये दोनशे जणांना बसवतात. मी अशा ठिकाणी मेमध्ये खेळलो आहे. उन्हाळ्यात हॉल कसा आहे ते फोन करून विचाराच.

१०. टेबलावर बसल्यावर

समोर बहुधा आठ-दहा वर्षांचं मूल असेल. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने १९ व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी गोव्यात विश्वचषक झाला, आणि क्लास तुडुंब भरले. या मुलांचं रेटिंग त्यांच्या खेळाच्या बरंच मागे असतं. ‘बाळ, कितवीत आहेस?’ असं विचारून तुम्ही निवांत बसलात की गेलात. ती तुम्हाला आजोबा म्हणतील आणि तुमचा वजीर घेऊन जातील. मूल समजून नाही, प्रतिस्पर्धी समजून खेळा.

नियमांतले सापळे असे. मोहऱ्याला हात लावला की तोच चालायचा. नुसता घरात नीट ठेवायचा असेल तर आधी ‘ॲडजस्ट’ म्हणा. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. आधी चाल करायची, मग लिहायची. बेकायदा चाल झाली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. प्याद्याचा वजीर करताना जास्तीचा वजीर टेबलावर नसेल, तर आपण घरी करतो तसा हत्ती उलटा ठेवू नका. स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवा, आर्बिटरला (पंचाला) हात करा, वजीर मागून घ्या.

मोबाइल बंद करून पत्रकात सांगितलं असेल तिथे ठेवा, नाहीतर घरीच. तो नुसता वाजला तरी डाव जातो. श्रवणयंत्र वापरत असाल तर फेरीआधीच आर्बिटरला दाखवून ठेवा, कारण तेही इलेक्ट्रॉनिक उपकरण. आपली चाल असताना खेळाच्या जागेबाहेर जायला आर्बिटरची परवानगी लागते. वारंवार उठावं लागत असेल तर सकाळीच मोकळेपणाने सांगून टाका, कुणी हसत नाही. एकच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल, तर चाल करू नका. ती फक्त लिहा, घड्याळ थांबवा आणि आर्बिटरला बोलवा.

वेळेचा हिशेब सोपा ठेवा. ९० अधिक ३० मध्ये ४० चालींना सरासरी पावणेतीन मिनिटं येतात. विसाव्या चालीला घड्याळात ४५ मिनिटं शिल्लक हवीत. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या चालीला उरलेला वेळ चालीच्या शेजारी लिहीत जा, म्हणजे कुठल्या टप्प्यावर रेंगाळतो ते घरी कळतं.

पाणी, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळं, आणि गोळ्यांची डबी जवळ असू द्या. मधुमेह असेल तर काय आणि कधी खायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये थाळीभर जेवू नका, दुपारच्या फेरीत डोळे मिटतात. समोरच्याची चाल असताना उठून दोन मिनिटं चाला. पाठीला बरं आणि डोक्यालाही. आणि आदल्या रात्री ओपनिंग बघत जागू नका.

११. रेटिंग

रेटिंग असलेल्या खेळाडूंशी पाच डाव मोजले गेले की पहिलं रेटिंग मिळतं, ते एकाच स्पर्धेत असायला हवेत असं नाही. मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० आहे, त्याखाली आकडाच नसतो. पहिले ३० डाव होईपर्यंत चढउतार मोठे असतात, कारण तोवर गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो आणि नंतर तो २० होतो. म्हणून सुरुवातीला एका स्पर्धेत आकडा धाडकन खाली आला तर खेळ बिघडला असं समजू नका, आणि वर गेला तर पेढेही वाटू नका. नवीन यादी दर महिन्याच्या १ तारखेला फिडेच्या संकेतस्थळावर येते.

स्पर्धा होऊन महिना-दीड महिना झाला तरी तुमचे डाव तिथे दिसत नसतील, तर आधी स्पर्धेच्या निकालपत्रकात तुमच्या नावापुढचा फिडे क्रमांक तपासा. एखादा अंक चुकलेला असतो किंवा तुमच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात डाव गेलेले असतात. क्रमांक, स्पर्धेचं नाव आणि तारखा लिहून मुख्य आर्बिटरला ईमेल करा, आणि सगळ्या डावांची लिहिलेली पत्रकं तोवर जपून ठेवा.